पार्थिव पूजा आणि तिसरी घंटा

श्रावण निम्मा सरला की सदाशिव पेठेच्या आसपास दोन प्रकारच्या हातोड्यांचे आवाज कानी पडू लागतात. एक रस्त्याच्या कडेला गणपतीचा मांडव उभा करणाऱ्यांच्या हातोड्यांचा; आणि दुसरा, जरा आतल्या बाजूने येणारा, एखाद्या महाविद्यालयाच्या मागील अंगणात, सायकली ठेवण्याच्या पत्र्याखाली किंवा बाकडी भिंतीला सारून मोकळ्या केलेल्या वर्गात लाकडी चौकटींवर प्लायवुड ठोकीत बसलेल्या विद्यार्थ्यांचा. पहिला मांडव दहा दिवस उभा राहणार असतो आणि दुसरा जेमतेम तासभर. परंतु दोहोंच्या मागचा उत्साह, दोहोंसाठी चाललेली पैशांची वणवण आणि दोन्ही ठिकाणी मध्यरात्री येणारी चहाची किटली ही इतकी सारखी असतात की, देव बसविणे आणि नाटक बसविणे या दोन क्रियांना आपल्या भाषेने एकच क्रियापद का योजावे, याचा उलगडा त्या दिवसांत आपोआप होऊ लागतो. गणपती बसवितात तसेच नाटकही बसवितात. जे बसविले ते केव्हातरी उठणार, हे त्या क्रियापदातच गृहीत धरलेले आहे. घर बांधतात, मूर्ती घडवितात, ग्रंथ रचतात, पण यांपैकी काहीही कोणी 'बसवीत' नाही.

नाटकांच्या या हंगामी धांदलीचे मुख्य निमित्त म्हणजे पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. राजाभाऊ नातूंसारख्या, शिस्तीच्या बाबतीत कोणाचीही भीडमुर्वत न ठेवणाऱ्या गृहस्थांनी ती वर्षानुवर्षे चालविली. आणि भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर पाऊल ठेवून पुढे मराठी रंगभूमीवर व चित्रपटात नावाजलेल्या नटांची, लेखकांची नि दिग्दर्शकांची यादी करू लागले तर एक स्वतंत्र दप्तरच उघडावे लागेल. पण या लेखाचा विषय ती यादी नव्हे. प्राथमिक फेरीला ५१ संघ उतरतात आणि अंतिम फेरीला ९ पोचतात. उरलेल्या ४२ संघांचे काय होते, हा माझा विषय आहे. त्यांपैकी काहींना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत आसरा मिळतो, एखाद्या संघाला गणेशोत्सवातील मंडळाचे किंवा गावाकडील जत्रेचे बोलावणे येते. परंतु पुष्कळशा एकांकिका अशा असतात की, दोन-अडीच महिने रात्रीचा दिवस करून बसविलेला तो खेळ एकदा, एकाच संध्याकाळी, आपल्याच महाविद्यालयातल्या मुलांच्या 'आव्वाज कुणाचा' या आरोळ्यांच्या गजरात उभा राहतो, पडदा पडतो, आणि त्यानंतर तो या पृथ्वीवर पुन्हा कधीही होत नाही.

अशाच एका एकांकिकेत मी पोस्टमन होतो. माझ्या वाट्याला चार वाक्ये होती आणि त्यांतले एक मी ऐन वेळी गिळले. ती एकांकिका पहिल्याच फेरीत बाद झाली. परीक्षकांपैकी एकाने आम्हाला बोलावून जे काही ऐकविले ते योग्यच असले पाहिजे, कारण ते मला अजून झोंबते. संहितेच्या दोन प्रती होत्या, त्यांतली एक दिग्दर्शकाच्या घरी वाळवीने खाल्ली आणि दुसरी कोणाकडे गेली याचा पत्ता नाही. छायाचित्र एकही निघाले नव्हते. लेखक पुढे विमा कचेरीत लागला व तिथूनच निवृत्त झाला. परवा अचानक भेट झाली तेव्हा त्याने स्वतःच मला विचारले, "अरे, शेवटी ती म्हातारी पत्र उघडते की नाही? माझ्या लक्षातच नाही." मलाही सांगता आले नाही. खांद्याला अडकविलेल्या त्या खाकी पिशवीचे वजन मात्र मला आजही जसेच्या तसे आठवते. पिशवी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात आम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले दोन जाडे शब्दकोश घातले होते. त्या दिवसापासून हा प्रश्न अधूनमधून माझ्या मनात डोके वर काढतो की, ज्या कृतीचे कर्त्यांपाशीसुद्धा काही उरले नाही, ती कृती झाली असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? आणि झाली असेल, तर ती कुठे आहे?

हा प्रश्न नाटकवाल्यांना पडण्याच्या कितीतरी आधी यज्ञ करणाऱ्यांना पडला होता. जैमिनीच्या सूत्रांवर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ऊहापोह केला त्या मीमांसकांपुढील अडचण अगदी व्यावहारिक होती. श्रुती सांगते की, स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा. यजमान यज्ञ करतो. पुरोडाश अग्नीत पडतो, तूप जळते, धूर गच्चीएवढ्या उंचीवर जाऊन विरतो, ऋत्विज दक्षिणा घेऊन घरोघर जातात. स्वर्ग मात्र मिळायचा तो मरणानंतर, म्हणजे कदाचित चाळीस वर्षांनी. मग जे कर्म आज संपून गेले ते चाळीस वर्षांनी फळ कसे देणार? नष्ट झालेले कारण कार्य उत्पन्न करू शकत नाही, हे तर कोणताही नैयायिक सांगेल. या पेचातून बाहेर पडण्यासाठी मीमांसकांनी 'अपूर्व' नावाच्या एका अदृश्य पदार्थाची तजवीज केली: कर्म संपते, पण संपताना कर्त्याच्या ठिकाणी असे काही मागे ठेवते की, जे पूर्वी नव्हते, जे दिसत नाही, मोजता येत नाही, परंतु जे कर्म आणि फल यांच्यामधील रिकाम्या काळावर पुलासारखे पसरलेले असते. मला या कल्पनेचे नेहमी कौतुक वाटत आले आहे, कारण तिच्यात कल्पनाविलास कमी आणि हिशेबनिसाची निकड अधिक आहे. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळत नाही, तेव्हा प्रामाणिक कारकून जसा मध्ये एक 'येणे बाकी'चे खाते उघडतो, तसे हे अपूर्व.

आणि या अपूर्वाच्या आधारे मला तालमींच्या खोलीतील दोन जातींची मुले चटकन ओळखू येतात. कुमारिल भट्टांच्या मते मनुष्य कर्माला प्रवृत्त होतो तो फलाच्या ओढीने. यज्ञ स्वर्गासाठी आणि एकांकिका करंडकासाठी. प्रभाकर मिश्रांचे म्हणणे याहून तिखट आहे. त्यांच्या दृष्टीने विधी कानी पडला आणि 'हे मला करावयाचे आहे' अशी जाणीव झाली की तीच प्रवृत्तीला पुरेशी. फल कर्त्याचा अधिकार ठरविण्यापुरते. दर साली प्रत्येक संघात भट्टमताचे विद्यार्थी असतात, ते गेल्या वर्षीच्या विजेत्या एकांकिका अभ्यासतात, परीक्षक कोण येणार याची चौकशी करतात, आणि संघ बाद झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात दिसू लागतात. त्याच संघात एखादा प्राभाकर असतो. तो बहुधा प्रकाशयोजनेच्या पाटीपाशी किंवा विंगेत दोरी धरून बसलेला असतो, त्याचे नाव पत्रिकेत शेवटच्या ओळीत आणि तेही चुकीचे छापलेले असते, आणि संघ बाद झाल्यावरही तो त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणत्यातरी महाविद्यालयाच्या एकांकिकेला टेंपोतून सामान उतरवून द्यायला गेलेला आढळतो. रंगभूमी कोणत्या मतावर चालते, असे विचाराल तर माझा कौल प्राभाकरांना आहे. भाट्टांवाचून ती गाजणार नाही, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

पण अपूर्वाची ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे, आणि ते गृहीतच मला अलीकडे तपासून पाहावेसे वाटते. ते असे की, कृती संपली म्हणजे काहीतरी गमावले, आणि म्हणून काहीतरी मागे उरले आहे असे सिद्ध केल्याखेरीज तिची किंमत लागत नाही. ज्या शहरात १८९३ च्या सुमारापासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला, त्या शहराला खरे म्हणजे हे गृहीत मान्य असण्याचे कारण नाही. गणेशचतुर्थीची पूजा ही पार्थिव पूजा होय. मूर्ती शाडूची, म्हणजे मातीची. तिच्यात प्राणप्रतिष्ठा करावयाची, म्हणजे आतापर्यंत जी माती होती तिला देव म्हणावयाचे. दीड, पाच, सात किंवा दहा दिवस तिचे सर्व उपचार करावयाचे. आणि अखेरीस उत्तरपूजा करून, अक्षता टाकून, ते देवत्व तिच्यातून परत पाठवावयाचे. येथे एक बारकावा आहे आणि तो आमच्या घरी मूर्ती पोचवायच्या वेळी दर साली कोणीतरी लहान मुलांना समजावून सांगे: आपण देवाला पाण्यात बुडवीत नाही. उत्तरपूजा झाली तेव्हाच देव गेला. आपण बुडवितो ती माती. मूर्ती जराशी हलविली की विसर्जन झाले, मग मुठेवरची मिरवणूक ही मातीला मातीकडे पोचविण्यासाठी. पाण्यातून बाहेर येताना रिकाम्या पाटावर नदीकाठची चिमूटभर वाळू आणावयाची, ती देवाच्या जागी ठेवून पुन्हा आरती करावयाची, आणि दुसऱ्या दिवशी ती वाळू कोणाच्याही नकळत तुळशीत जाते.

या विधीत विसर्जन हा पूजेचा अपघात नाही, ते पूजेचे अंग आहे. ज्याचे विसर्जन करावयाचेच नाही अशी देवळातली मूर्ती वेगळी, तिची प्रतिष्ठा वेगळी, तिचे सोवळेओवळे वेगळे. पार्थिव मूर्ती जर कोणी मोहाने घरात ठेवून दिली तर तिला कोणी अधिक टिकाऊ देव म्हणत नाही. उत्तरपूजेनंतर ती केवळ आकार उरलेली माती असते. नाटकाच्या चित्रफिती पाहताना मला नेमके हेच जाणवते. हल्ली प्रत्येक प्रयोगाला दहा हात मोबाइल घेऊन वर उठलेले असतात, आणि मुलांना त्यात गैर काही वाटत नाही, मलाही फारसे वाटत नाही; एखाद्या आजीला आपला नातू पाहावयास मिळतो, हे काय थोडे झाले? परंतु त्या चित्रफितीत जे दिसते ती उत्तरपूजेनंतरची मूर्ती. नाक, डोळे, सोंड सगळे जागच्या जागी असते.

नाट्य आणि पूजा यांची ही जुळवाजुळव मी माझ्या पदरची करीत आहे, असे कोणी समजू नये. नाट्यशास्त्राचा आरंभच मुळी एका उत्सवात होतो. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात भरताच्या पुत्रांनी पहिला प्रयोग केला, त्यात दैत्यांचा पराभव दाखविला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेले दैत्य संतापले आणि त्यांनी विघ्नांच्या साहाय्याने नटांची वाणी, त्यांच्या हालचाली आणि त्यांची स्मृती स्तंभित करून टाकली. (प्रेक्षकांच्या दुखावलेल्या भावना ही रंगभूमीवरील पहिल्या प्रयोगाइतकीच जुनी गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात यावे, ब्रह्मदेवाने दैत्यांना समजावून सांगितले की, हे नाट्य एका पक्षाचे नाही, त्रैलोक्याचे आहे, आणि दैत्यांना ते पटले की काय याची नोंद मुनींनी ठेवलेली नाही.) इंद्राने आपल्या ध्वजाच्या काठीने त्या विघ्नांना झोडपले, तोच पुढे पूज्य झालेला जर्जर, विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले, आणि रंगदैवतांची पूजा केल्यावाचून प्रयोग करू नये असा दंडक पडला. आजही तिसऱ्या घंटेपूर्वी नटराजापुढे उदबत्ती लागते, नारळ फुटतो, आणि स्वतःला नास्तिक म्हणविणारा दिग्दर्शकसुद्धा रंगमंचाच्या फळीला हात लावून तो कपाळाला लावतो. मी एका अशा दिग्दर्शकाला याबद्दल छेडले होते. तो म्हणाला, "देवाला नाही हो, फळीला." मला ते उत्तर कोणत्याही आस्तिकाच्या उत्तराहून अधिक शास्त्रशुद्ध वाटले.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो सोपा नाही. पूजा आणि स्पर्धा यांचा मेळ कसा बसावा? नैवेद्याला कोणी गुण देत नाही. देवापुढे ठेवलेल्या मोदकांपैकी कोणता अधिक वळणदार म्हणून त्याला करंडक द्यावयाचा, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. आणि अर्पणाला निकाल लागला की ते अर्पण राहते काय? माझ्या उमेदीच्या काळात मी या आक्षेपाच्या बाजूने फार आवेशाने बोलत असे, त्यात गिळलेल्या वाक्याचा वाटा किती होता हे आता सांगण्यात अर्थ नाही. पुढे नाट्यशास्त्राचा सिद्धीविषयीचा अध्याय वाचनात आला आणि माझा आवेश उतरला. तेथे परीक्षकांना प्राश्निक असे नाव आहे, प्रतिस्पर्धी नटमंडळ्यांत जी सरस ठरेल तिला पताका द्यावी अशी व्यवस्था आहे, आणि वाद उत्पन्न झाल्यास ज्यांचे मत घ्यावे त्या प्राश्निकांचे प्रकार मोजून दिलेले आहेत: यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. यज्ञातले यज्ञवेत्त्याने पाहावे, शृंगारातले गणिकेने, मुजऱ्यातले राजसेवकाने. इतकी उदार आणि इतकी नेमकी परीक्षक-समिती आमच्या कोणत्याही स्पर्धेला अद्याप लाभलेली नाही.

शिवाय निर्दोषतेचा आग्रह ही पूजेवर बाहेरून लादलेली गोष्ट आहे, असेही नव्हे. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र मागताना एका समासाचा स्वर चुकीचा लावला, आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्राकडून मारला जाणारा वृत्र जन्मला, ही कथा व्याकरणकार शतकानुशतके विद्यार्थ्यांना भीती घालण्यासाठी सांगत आले. यज्ञात तर एक ऋत्विज केवळ याच कामासाठी नेमलेला असतो. त्याला ब्रह्मा म्हणतात. तो दक्षिणेच्या बाजूला बसतो, बहुतांश वेळ मौन पाळतो, काही करीत नाही, सगळे पाहतो, आणि कोठे चूक झाली तर प्रायश्चित्ताने ती सांधतो. अंधाऱ्या प्रेक्षागृहात मधल्या रांगेत, कागदावर छोट्या विजेरीचा प्रकाश पाडून बसलेले परीक्षक पाहिले की मला त्या ब्रह्म्याची आठवण येते.

२०२२ साली या स्पर्धेत एक अशी गोष्ट घडली की, तिची चर्चा कित्येक दिवस पेठांतल्या कट्ट्यांवर चालू होती. परीक्षकांनी त्या वर्षी पुरुषोत्तम करंडक कोणालाच देऊ नये असा निर्णय दिला. अंतिम फेरीतली एकही एकांकिका त्यांना त्या योग्यतेची वाटली नाही. निर्णय बरोबर की चूक हे सांगण्याचा अधिकार त्या संध्याकाळी सभागृहात नसलेल्या माणसाला नाही, आणि मी नव्हतो. परंतु त्यावर झालेल्या वादात मला एक गोष्ट विशेष वाटली. निर्णयाला विरोध करणारे बहुतेक जण भट्टमताचे निघाले, आणि निर्णयाचे समर्थन करणारेही भट्टमताचेच. मुलांचे कष्ट वाया गेले, असे एकाने म्हणावे. कष्टांना दर्जा नसेल तर फळ कसले, असे दुसऱ्याने म्हणावे. ज्यांनी त्या संध्याकाळी खेळ केला त्यांचा खेळ झालेला होता, आणि करंडक मिळाल्याने तो अधिक झाला नसता किंवा न मिळाल्याने कमी झाला नाही, हा साधा मुद्दा दोन्ही पक्षांच्या लेखी युक्तिवाद म्हणूनच जमेस धरला गेला नाही. ब्रह्म्याने यज्ञ सदोष ठरविला, तरी अग्नी पेटला होता हे खोटे होत नाही.

फ्रिट्स स्टाल नावाच्या एका डच पंडिताने या प्रकरणी याहून पुढचे पाऊल टाकले होते. केरळात पांजाळ या गावी १९७५ साली नंबुद्री ब्राह्मणांनी अतिरात्र अग्निचयन केले. बारा दिवस चाललेला तो विधी स्टालसाहेबांनी आपल्या सहकाऱ्यांसह बारकाईने टिपला आणि त्याचे चित्रीकरणही झाले. पक्ष्याच्या आकाराची विटांची चिती रचली गेली, आहुत्या पडल्या, आणि अखेरच्या दिवशी, ज्या मंडपात हे सारे घडले तो बांबूंचा व झावळ्यांचा मंडप पेटवून देण्यात आला. स्टालांचा निष्कर्ष असा की, विधीला अर्थ नसतो. नियमांबरहुकूम केलेली ती एक शुद्ध क्रिया असते, आणि करणारे ती करतात म्हणून ती होते. हा निष्कर्ष धार्मिकांना रुचला नाही व विद्वानांतही त्यावर खडाजंगी झाली. मलाही तो पुरता मान्य नाही, कारण पोस्टमनच्या पिशवीला मला तरी अर्थ होता. पण मंडप पेटविण्याचा तो भाग माझ्या मनातून जात नाही. इतक्या खटपटीने उभारलेला मंडप पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून कोणी जपून ठेवला नाही.

आमच्याकडे मंडप जाळीत नाहीत, तो भाड्याचा असतो. आणि येथेच माझे सगळे तत्त्वज्ञान जमिनीवर येते, हे मी नाकारणार नाही. विसर्जनाचे कौतुक करणाऱ्याने हेही पाहिले पाहिजे की, नाट्यगृहाचे भाडे विसर्जित होत नाही, टेंपोवाल्याची उधारी उत्तरपूजेने मावळत नाही, आणि ज्या मुलाने दोन महिने शिकवणीच्या कामावर रजा टाकून तालमी केल्या त्याच्या घरी अपूर्वाचा शिधा पोचत नाही. कला ही नश्वर म्हणूनच थोर, हे वाक्य ज्याच्या मुखातून बाहेर पडते तो बहुधा निवृत्तिवेतनावर असतो, मीही आहे. कोकणात दशावताराचा खेळ जत्रेच्या रात्री देवळासमोर उभा राहतो आणि पहाटे दहिकाल्याने संपतो, तेव्हा देवस्थान नि गाव मिळून त्या मंडळाचा मानपान पाहतात. शहरातल्या मुलांच्या पाठीशी असे कोणते देऊळ आहे? विद्यार्थ्यांची सामाजिक मंडळी म्हणून १८९४ साली सुरू झालेली एक संस्था पुढे भरत नाट्य मंदिर म्हणून उभी राहिली, तीच काय ती त्यांची ग्रामदेवता.

तरीसुद्धा, त्याच रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ रोजी जे 'घाशीराम कोतवाल' प्रथम झाले, त्याची आठवण या संदर्भात मला पुन्हा पुन्हा होते. नाटकावरून उठलेल्या वादंगाविषयी, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने थांबविलेल्या प्रयोगांविषयी आणि त्यातून १९७३ साली जन्मलेल्या थिएटर अकॅडमीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगावयाची आहे ती फक्त माणसांची भिंत. रांगेने उभे राहिलेले नट हीच भिंत, हाच पडदा, हेच पुणे. ते वळले की भिंत नाही, पुन्हा वळले की आहे. ठोकायला खिळा नाही, उतरवायला चौकट नाही. अभिनवगुप्ताने रसाविषयी म्हटले आहे की, तो आस्वाद चालू असतो तेवढाच असतो. आधी कोठे साठवून ठेवलेला नसतो आणि नंतर कोठे शिल्लक पडत नाही. मीमांसकांचे अपूर्व आणि अभिनवाचा रस यांत एकाची निवड कर असे कोणी मला आज सांगितले, तर त्या भिंतीकडे बोट दाखवून मी अभिनवाच्या बाजूला जाऊन उभा राहीन. अपूर्व हे शेवटी भविष्याचे तारण आहे. भिंतीला भविष्य नव्हते आणि तिच्यामागे काय चालले आहे ते पाहण्यासाठी आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो.

गेल्या भाद्रपदात एका रात्री मी प्राथमिक फेरीचे प्रयोग पाहून मागच्या गल्लीने घरी निघालो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी एका संघाने आपले नेपथ्य उतरवून ठेवले होते: दोन चौकटी, एक खोटी खिडकी, तिच्यापलीकडे रंगविलेले आकाश. मुले टेंपोची वाट पाहत उभी होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून प्रयोग कसा झाला असावा याचा अदमास येत होता. एक मुलगी मात्र पायरीवर बसून चौकटीतले खिळे हातोडीच्या मागच्या बाजूने उपटीत होती. उपटलेला प्रत्येक खिळा दगडावर आडवा धरून ती हलक्या ठोक्यांनी सरळ करी आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. मी थांबलो. म्हातारपणाची सवय म्हणून म्हणालो, "अग, खिळे ते किती पैशांचे! आणि निकाल लागायचाय ना अजून? अंतिम फेरीला पुन्हा ठोकावे लागतील."

"लागू दे की, काका," ती वर न पाहता म्हणाली. "बाबांचे आहेत खिळे. सुतारकाम करतात ते. मोजून दिलेत, मोजून परत मागतील."

मग तिने डबा पायरीवर पालथा केला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, कारण माझ्याशी बोलण्याच्या नादात तिचा आकडा चुकला होता.